डाग खाली, गळती वर

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वय चाळीसच्या आसपास, कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत घर, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. वडिलांची १९९३ सालची १०० सीसीची चार स्ट्रोक मोटरसायकल घरात आहे. वडील गेल्या वर्षी वारले. त्यानंतर गाडी आठ महिने जिन्याखाली नुसती उभी होती. दिवाळीपासून हे गृहस्थ ती रोज कामाला नेतात, जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर. आता रोज सकाळी गाडीखाली फरशीवर डाव्या अंगाला तळहाताएवढा डाग असतो आणि घरात पेट्रोलचा वास. टाकी भरली की वास वाढतो. मेनवर गाडी दम खाऊन बंद पडते, म्हणून कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, कायम रिझर्व्हवर. ॲव्हरेज ६२ वरून ४२ वर आलंय. एक मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) नवा टाका. दुसरा म्हणतो, टाकी सडलीय, वेल्डिंग करू. तिसरा म्हणतो, हे इथेनॉलमुळं, सगळ्यांचंच होतंय. थोरल्या भावाच्या मते रात्री कोणीतरी पेट्रोल काढतंय. बायकोचं म्हणणं, भंगारात घाला. यांचं म्हणणं, 'गाडी म्हातारी झाली हे मान्य, पण बाबांची आहे, मन होत नाही. बाबा असताना एक थेंब गळला नाही. मी कुणाचं ऐकू?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पाच जणांची पाच मतं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलीत, पण त्या पाचांतला एकजण तरी गाडीखाली गुडघे टेकून बसला आणि थेंब कुठून येतो ते त्यानं बघितलं, असं पत्रात कुठंच नाही. म्हणून 'कुणाचं ऐकू' याला माझं उत्तर, अजून कुणाचंच नको. आधी बघूया.

त्याहीआधी एक काम, आणि ते आजच. गाडी जिन्याखालून बाहेर काढा. जुन्या घरांचा जिना, त्याखालचा बोळ, पलीकडं स्वयंपाकघर, कोपऱ्यात देवघर आणि तिथं निरांजन, हे चित्र मला माहीत आहे, मीही अशाच घरात वाढलो. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी फरशीवरून पसरते आणि खोलगट जागी साचते. थंडीतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतच असतं. तुमच्या मिसेसना मी कधी भेटलेलो नाही, पण मला वाटतं तुम्ही त्यांचं म्हणणं चुकीचं ऐकलंय. त्या सासऱ्यांच्या आठवणीच्या विरोधात नाहीत. गॅस पेटवताना पेट्रोलचा वास येतो, त्याच्या विरोधात आहेत. यात त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. गळती बंद होईपर्यंत गाडी उघड्या जागी, कॉक बंद करून, साखळी लावून ठेवा. तोवर चार दिवस केएमटीच्या बसनं जा. गळती गाडी गरम इंजिनासह रस्त्यावर आणण्यात शहाणपणा नाही.

आता 'म्हातारी झाली म्हणून गळते' याकडं वळू. पेट्रोलला गाडीचं वय कळत नाही. ते एका ठरावीक जागेतून गळतं आणि ती जागा सहसा नखाएवढी असते. तुमच्या पत्रातली खरी बातमी १९९३ ही नाहीच, 'आठ महिने उभी होती' ही आहे. चालती गाडी तीस वर्षं तग धरते आणि उभी गाडी एका पावसाळ्यात बिघडते, हे मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवताना इतक्यांदा बघितलंय की आता मोजत नाही. अर्धी रिकामी टाकी, आपला पावसाळा, आतल्या भिंतींना सुटलेलं पाणी, मग तळाशी तांबूस गंज. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागं चिकट, पिवळसर थर उरतो. रबर कोरडं पडून आखडतं. आणि मग एक दिवस आपण किक मारतो.

ॲव्हरेजचा हिशोब करू, कारण त्यातच भावाचं आणि तिसऱ्या मिस्त्रीचं उत्तर आहे. रोज २५ किलोमीटर. ६२ च्या हिशोबानं साधारण ४०० मिली पेट्रोल लागायला हवं, ४२ च्या हिशोबानं ६०० मिली लागतंय. म्हणजे रोज २०० मिली, पाणी प्यायच्या पेल्याएवढं, कुठंतरी जातंय. रोज रात्री येऊन नेमानं एक पेला पेट्रोल काढणारा आणि जाताना फरशीवर डाग ठेवणारा चोर अजून कोल्हापुरात जन्मलेला नाही, असं भावाला माझ्यातर्फे सांगा.

इथेनॉलचं म्हणणं अर्धं खरं आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात २०२३ च्या फेब्रुवारीपासून यायला लागलं, आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्यासारख्या उसाच्या पट्ट्यातूनही जातं, म्हणजे तक्रार करायची तर घरच्याच फडाकडं बघून करावी लागेल. जुन्या गाड्यांची रबरं आणि पॅकिंग या पेट्रोलसाठी बनवलेली नव्हती. काही फुगतात, काही चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळं उभ्या गाडीच्या टाकीत गंजाला आणखी मदत होते. पण ॲव्हरेजचं म्हणाल, तर नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. म्हणजे ६२ चे ६० होतील, फार तर ५९. ४२ होणार नाहीत. बाकीचं पेट्रोल एक तर जमिनीवर सांडतंय, नाही तर इंजिनात जास्तीचं जाऊन काळा धूर होतंय. सायलेन्सरच्या तोंडात फडकं फिरवून बघा. काजळी कोरडी आणि काळीकुट्ट निघाली, तर दोन्ही होतंय.

आता तुम्ही सहज लिहून गेलात ते वाक्य: कॉक कायम रिझर्व्हवर. माझी शंका इथं आहे. टाकीच्या आत कॉकला दोन वाटा असतात. मेनची नळी उंच असते, ती वरचं पेट्रोल घेते. रिझर्व्हची वाट तळाला असते. म्हणजे दिवाळीपासून तुमची गाडी टाकीचा तळ धुऊन पितेय. आठ महिन्यांचा गंज आणि गाळ जाळीतून जेवढा निसटेल तेवढा थेट कार्बोरेटरमध्ये.

तिथं काय होतं, ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून समजून घ्या. टाकीत बॉल कॉक असतो. पाणी चढलं की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. त्या नळाच्या तोंडाशी शेवाळाचा तुकडा अडकला, की पहाटे पाणी आल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागते आणि खालचे मजलेवाले ओरडतात. कार्बोरेटरच्या वाटीत हुबेहूब हेच आहे. बॉलच्या जागी फ्लोट, नळाच्या जागी बोटाच्या पेराएवढी निडल आणि तिची सीट. निडलच्या टोकाला गंजाचा कण बसला, की ती पूर्ण बसत नाही. वाटी भरून वाहते, थोडं पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली, थोडं इंजिनात.

पण ही शंका झाली, निदान नव्हे. शंकेवर खर्च कसा होतो, ते माझ्यावरूनच सांगतो. नव्वदच्या दशकात माझ्याकडं एक गाडी होती, तिच्या इंजिनाखाली रोज डाग पडायचा. मी कॉक बदलला. मग पाइप बदलला. मग दुसरा कॉक आणला, कारण पहिलाच डुप्लिकेट असणार अशी माझी खात्री झाली होती. दोन महिने गेले. एका संध्याकाळी गल्लीतल्या तालमीत पोरं कॅरम खेळत होती, त्यांतला एकजण म्हणाला, 'सर, ही पावडर मारून बघा की.' गाडीचा टाकीखालचा भाग आम्ही फडक्यानं कोरडा पुसला आणि कॅरमची बोरिक पावडर टाकीच्या कडेनं, कॉकभोवती, चेसिसच्या नळीवर हलक्या हातानं भुरभुरली. दहा मिनिटांत टाकीच्या मागच्या टोकापासून एक बारीक ओली रेघ उमटली. सीटखाली टाकीच्या जोडाला केसाएवढी चीर होती. तिथून थेंब निघायचा, चेसिसच्या नळीवरून फूटभर पुढं यायचा, वायरिंगवरून उतरायचा आणि कॉकच्या बरोबर खाली टपकायचा. दोन कॉक बिचारे निर्दोष होते. ते मी अजून ठेवलेत.

म्हणून डाग डाव्या अंगाला आहे, यावरून एवढंच कळतं की शेवटचा थेंब डाव्या अंगाला पडतो. साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, तेव्हा गळती कुठलीही असली तरी तो डावीकडंच पडणार.

रविवारी सकाळी तास-दीड तास काढा. उघडी जागा हवी, इंजिन गार हवं, शेजारी विडी-सिगारेट आणि उदबत्ती नको, जवळ बादलीभर कोरडी वाळू हवी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, आग तरंगत पसरते.

शनिवारी रात्री कॉक ऑफ करून गाडी मेन स्टँडवर लावा आणि खाली मोठा कोरा पुठ्ठा सरकवा. पुठ्ठ्यावर चाकाची आणि स्टँडची जागा पेनानं आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते सांगता येईल. पेट्रोल उडून गेलं तरी पुठ्ठ्यावर कडा राहते. कॉक बंद असून डाग पडला, तर गळती कॉकच्या वर आहे किंवा कॉकमध्येच आहे. डाग पडलाच नाही, तर तुमचा अर्धा तपास तिथंच झाला. टाकीच्या दुरुस्तीवर खर्च करायची गरज नाही आणि दुसऱ्या मिस्त्रीचं वेल्डिंगही बाद.

सकाळी कॉक बंद ठेवूनच पाइपाचं कार्बोरेटरकडचं टोक काढा आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत सोडा. पाइपातलं असेल तेवढं पडू द्या, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ओता, मग पंधरा मिनिटं चहा घ्या. बरणीत पुन्हा पेट्रोल दिसलं, तर कॉक 'ऑफ' वर असूनही बंद होत नाही. महिनोन्‌महिने न फिरवलेल्या कॉकचं आतलं रबर आखडतं आणि मग दांडी फिरते, पण आत काही बंद होत नाही. असे कॉक मी डझनांनी उघडलेत.

पाइप काढलेलाच आहे, तर तुमच्या मेनच्या दुखण्याचाही निकाल लावा. टाकीत निम्म्याच्या वर पेट्रोल असताना कॉक मेनवर करा आणि धार बघा. तुटक आली, तर टाकीचं झाकण उघडा. झाकण उघडताच धार सुरळीत झाली, तर दोष झाकणाच्या हवेच्या भोकात. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल अडतं. झाकण उघडूनही मेनची धार तुटकच आणि रिझर्व्हची मात्र चांगली, तर मेनची वाट गाळानं बुजलेली. बरणीतलं पेट्रोल उजेडात धरा. तळाशी तांबडी रेती दिसली, की माझी शंका बरीच पुढं सरकली म्हणा.

आता पाइप परत जोडा, क्लिप बसवा. कार्बोरेटरच्या तळाशी ओव्हरफ्लोचं नळकांडं असतं, त्याची नळी बरणीत सोडा. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, कॉक चालू. पंधरा मिनिटं. थेंब पडले, तर निडल बसत नाहीये. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीनं वाटीवर दोन-चार हलके टोले द्या. टोल्यांनी थेंब थांबले, तर कण अडकलेला होता आणि तो पुन्हा अडकणार. टोल्यांनीही थांबले नाहीत, तर निडलचं टोक झिजलंय किंवा फ्लोटलाच भोक आहे. हीच परीक्षा साइड स्टँडवर एकदा करा. फक्त तिथंच गळत असेल, तर वाटी कलल्यामुळं पातळी चढते एवढंच असू शकतं, आणि फ्लोटची उंची तपासून काम भागेल.

बरणी कोरडी आणि तरीही खाली ओल, तर वाटीचा जोड आणि ड्रेनचा स्क्रू बघा. वाटीच्या रबरी रिंगमधून पेट्रोल पाझरतं आणि पाझरलेल्या जागी तपकिरी, चहाच्या डागासारखी कडा साचते. ती कडा हा जुना पुरावा असतो, गाडी कोरडी असतानाही दिसतो. पाइप दोन्ही टोकांशी बोटांत वाकवून बघा, चिरा वाकवल्यावरच उघडतात. यातून काहीच सापडलं नाही, तरच कॅरमची पावडर. फक्त एअर फिल्टरच्या तोंडाजवळ ती उडवू नका.

टाकी भरल्यावर वास वाढतो, हे तुम्ही लिहिलंय. त्याची एक साधी शक्यता आहे. पेट्रोल तापलं की फुगतं. गळ्यापर्यंत भरलेलं १० लिटर पेट्रोल उन्हात १५ अंशांनी तापलं, तर सुमारे १४० मिलीनं वाढतं, आणि झाकणाचं रबर आखडलं असेल तर तिथूनच बाहेर येतं. दुसरी शक्यता टाकीच्या वरच्या जोडाची. तेव्हा रविवारची तपासणी निम्म्या टाकीवर एकदा करा आणि पुढं कधीतरी भरल्या टाकीवर एकदा, पण काठोकाठ नव्हे.

एक गोष्ट मात्र रविवारची वाट न बघता आज बघा. इंजिन ऑइलची काडी बाहेर काढा, पातळी बघा आणि वास घ्या. चार स्ट्रोक गाडीत वाहिलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पातळी खुणेच्या वर चढली असेल किंवा काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय किकच मारू नका. पाण्यासारखं पातळ झालेलं ऑइल इंजिनाचं जे करतं, त्याचा खर्च कार्बोरेटरच्या दहापट आहे. आरएक्स १०० किंवा राजदूत बाळगणाऱ्यांनो, तुमच्या दोन स्ट्रोक गाडीत हेच पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं आणि सकाळी प्लग ओला निघतो, एवढाच फरक. बाकी तपासणी तीच. आणि २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल, तर यातलं काहीही करू नका. तिथं बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसतो, पंपाच्या दाबाखालची लाइन असते. पाइप सैल केला तर फवारा उडेल.

समजा, निडलच निघाली. मग पहिल्या मिस्त्रीचं 'नवा कार्बोरेटर टाका' ऐकायचं का? माझं मत, नाही. जुन्या जपानी बनावटीच्या कार्बोरेटरची बॉडी सहसा चांगली असते, आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या नकलांचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, कुठल्या मापाचे असतात ते देव जाणे. शिवाय टाकीतला गंज तसाच ठेवून नवा कार्बोरेटर लावला, तर महिन्याभरात त्याचीही निडल अडकेल आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. काम वरून खाली करायचं. आधी टाकी रिकामी करून आतून धुऊन घ्यायची, मग कॉकची जाळी आणि गाळाची वाटी, मग पाइप, शेवटी कार्बोरेटर. निडल आणि सीट जोडीनंच बदला. जुन्या निडलच्या टोकावरून नख फिरवा, गोल खाच लागली तर ती गेली. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर तोही गेला. पाइप इथेनॉलला चालणारा, पेट्रोलचाच मागा. फिश टँकची पारदर्शक नळी दिसते छान, पण पुढच्या उन्हाळ्यात काचेसारखी कडक होते. उद्यमनगरात किंवा लक्ष्मीपुरीत काउंटरवर जाताना जुना भाग खिशात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून मापं चुकतात. हे सगळं मिळून खर्च एखाद्या रविवारच्या मटणाच्या बेताच्या आसपास, मजुरी वेगळी. कार्बोरेटर स्वतः उघडायचा हात नसेल, तर उघडू नका. मिस्त्रीकडं जा, पण जाताना 'गळतंय' असं सांगू नका. 'कॉक बंद असताना गळत नाही, चालू केला की ओव्हरफ्लोतून पडतं, टोले दिले की थांबतं' असं सांगा. मिस्त्री वाईट नसतात. त्यांच्यापुढं एका वेळी आठ गाड्या असतात आणि तुमच्या गाडीला ते दहा मिनिटं देतात. तेवढ्यात कार्बोरेटर बदलणं सोपं, शोधणं अवघड.

आणि टाकीच निघाली तर? वेल्डिंगला घाईनं देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण ती वाफेनं भरलेली असते. त्या वाफेवर ठिणगी पडली, की टाकीचा बॉम्ब होतो. पेट्रोलच्या टाक्यांचंच काम करणाऱ्याकडं द्या. टाकी कशी धुता, आत पाणी भरता का, हे आधी विचारा. तो हसला आणि म्हणाला, 'काय होत न्हाई मालक,' तर टाकी उचलून घरी या. एम-सील हा घरी पोचण्यापुरता इलाज आहे.

काढलेलं गढूळ पेट्रोल गटारात ओतू नका. आपल्याकडं गटाराचं पाणी जयंती नाल्याला मिळतं आणि नाला पंचगंगेला. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, भाग धुवायला ते वापरतात. तोंडानं पाइप ओढून पेट्रोल काढायची जुनी सवय कुणाला असेल, तर ती सोडा. एक घोट छातीत गेला तर दवाखाना.

'बाबा असताना एक थेंब गळला नाही,' या तुमच्या वाक्यावर मी थांबलो होतो. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ साली आली, तेव्हाची 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही जाहिरात तुमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. पण त्या पिढीतली माणसं कॉकच्या बाबतीत 'फर्गेट' अजिबात करत नसत. गाडी लावली, किल्ली काढली आणि डावा हात आपोआप टाकीखाली गेला, असंच मी माझ्या वडिलांना आणि त्यांच्या मित्रांना बघितलंय. घरात आईला विचारा, बाबा रात्री कॉक बंद करायचे का. करत असतील, तर निडल त्यांच्या वेळीही थोडी कमजोर असणं अगदी शक्य आहे. फक्त रात्रभर तिच्यावर पेट्रोलचा भार नसायचा. त्यांची गाडी तुमच्याकडं आली, ही सवय आली नाही.

आता ठेवायची की विकायची. दुरुस्तीचा खर्च हे विकण्याचं कारण होऊ शकत नाही, तेवढा तो नाहीच. रोज पंचवीस किलोमीटर हायवेलगत जायला तीस वर्षांपूर्वीचे ड्रम ब्रेक आणि मिणमिणता हेडलाइट पुरतात का, हा प्रश्न जास्त खरा आहे. त्याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. कामाला दुसरी गाडी आणि ही रविवारी रंकाळ्यापर्यंत, असाही मार्ग असतो. उभी मात्र ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी चालवा.

कुठलाही मार्ग घेतलात, तरी आधी कागद बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती कधी संपते ते आरसीवर असेल. आणि गाडी अजून बाबांच्या नावावर असेल, तर ते काम राहून गेलंय. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. उशीर झालाय, दंड लागेल, भरा. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल, तेव्हा थोरल्या भावाची सहीही येणारच. विम्याचंही नाव त्याबरोबरच बदला. भंगारात घालायची झाली, तरी हे टळत नाही.

रविवारच्या पुठ्ठ्याचा फोटो आणि बरणीत काय सापडलं ते कळवा. टाकी तोवर भरू नका.